खांबाजवळची लादी

"लादीबाई लादी, तुझं तोंड मी पुसते,
तुझ्यामधी माझी माय, मला बघून हसते."

हा आवाज सगुणाचा. तो ऐकून कितीतरी वर्षं झाली, पण माझ्या पाठीत, सिमेंटला चिकटलेल्या बाजूला, तो अजून साठून आहे. गुडघे टेकून ती ओला फडका फिरवायची आणि ओवी म्हणायची. तिच्या घरी जातं उरलं नव्हतं, ओव्या उरल्या होत्या. मग त्या तिनं लादीवर आणल्या.

तिची ती लादीबाई म्हणजे मी, मित्रांनो. आता जुनी झाले आहे. रत्नागिरीत भाट्याच्या पुलाकडे जाताना एक मंगल कार्यालय लागतं. त्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये, डावीकडच्या खांबाला लागून माझी जागा.

माझा जन्म दूर गुजरातेतला. मातीचा चौकोन दाबला, वर झिलई चढवली आणि भट्टीत घातलं. आगीतून निघाले तेव्हा दुधासारखी पांढरी होते. इथं बाबल्या गवंड्यानं मला बसवलं, शेजारणींच्या नि माझ्या मधल्या सांध्यांत पांढरा मसाला भरला आणि मालकांना, म्हणजे आप्पांना, सांगितलं, "आप्पा, हिला पाणी नि फडका, बास. वरून काय फासू नका. लादी मळ घेत नाय, सांधा घेतो. सांधा म्हणजे रांगतं पोर, दिसेल ते तोंडात घालतं."

आप्पा हसले, पण त्यांनी ते पाळलं. त्या दिवसांत मी सुखी होते. सगुणा आणि चिमा, दोघीजणी हॉल पुसायच्या. सगुणा पावसकडची, चिमा देवरूखच्या वरच्या वाडीतली. दुपारी माझ्याच अंगावर बसून एका डब्यातून जेवायच्या. चिमा म्हणायची, "सगुणे, तुझ्या ओव्या ऐकून लादी एक दिवस उठून नाचंल गो." सगुणा म्हणायची, "नाचू दे. पण आधी मी तिला पुसून घेते." लाल मातीचे पाय येत, सोलकढी सांडे, अक्षता पडत. सगळं एका फडक्यात जाई, आणि माझ्यात पुन्हा माणसांचे चेहरे दिसू लागत.

मग आप्पा थकले आणि त्यांचा मुलगा दर्शन मुंबईहून परत आला. येताना त्यानं मेणाच्या पॉलिशचे डबे आणले. "तिकडच्या हॉटेलात लादी आरशासारखी असते," तो म्हणाला. पहिला हात माझ्यावर फिरला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मी हुरळले. वऱ्हाडी खाली बघून "वा" म्हणाले. मलाही वाटलं, मी आता राणी झाले.

पण मित्रांनो, मेणाचा नवा हात द्यायचा तर जुना उतरवावा लागतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. आज एक लग्न, परवा दुसरं. उतरवायला दिवस कुणाकडे होता? मेणावर मेण चढत गेलं. मधे जे राहिलं ते तिथंच राहिलं. हळदीची बोटं, अक्षतांचे दाणे, केस, माती. सांधे आधी करडे झाले, मग काळे.

सगुणा एकदा म्हणाली, "दादा, जुनं काढल्याबिगर नवं नको. खाली घाण राहते."

दर्शन म्हणाला, "सगुणाबाई, लोक जेवायला येतात, लादी चाटायला नाही."

चिमा हसली. सगुणा हसली नाही.

मी पिवळी पडत गेले. कोणी माझ्यात पाहिलं तर चेहरा दिसेना, नुसता एक ओला उजेड दिसे. सगुणाचा फडका वरून फिरायचा, पण तिचा हात माझ्यापर्यंत पोचायचा नाही. ओवी मात्र पोचायची. मग तीही गेली. ती कशी गेली, ते सांगते.

मे महिना होता. वऱ्हाड नऊला यायचं होतं. सकाळी सगुणानं हॉल धुतला आणि ती म्हणाली, "तासभर सुकू दे." दर्शनला धीर नव्हता. त्यानं चिमाला डबा आणायला लावला आणि ओल्या लादीवर स्वतःच्या हातानं पॉलिश ओतलं. सगुणा दोनदा "थांब" म्हणाली. खालच्या पाण्यानं मेण धरलंच नाही. ते माझ्यावर सायीसारखं सैल राहिलं.

पंगत बसली. नवरीची आत्या मोदकांचं ताट घेऊन खांबाजवळून निघाली आणि माझ्यावर घसरली. तिच्या मांडीचं हाड मोडलं तो आवाज माझ्या अंगावर झाला. मोदक सांध्यांवर फुटले. लग्नघर ओरडू लागलं. दर्शन सगळ्यांसमोर म्हणाला, "या बाईनं साबणाचं पाणी तसंच ठेवलं."

सगुणा म्हणाली, "चिमे, तू होतीस ना? सांग."

चिमानं मान खाली घातली. तिचे डोळे थेट माझ्यावर आले. ती म्हणाली, "मी भांड्यांकडं होते."

मला सगळं ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. इतकी वर्षं पाय सोसले, त्यांचा भार कधी वाटला नाही. त्या तीन शब्दांचा वाटला.

सगुणाला त्याच दिवशी घरी पाठवलं. गावात तिचं नाव साबणी सगुणा पडलं. कुठं काम मागायला गेली की लोक म्हणत, "नको गो बाय, आमची हाडं शाबूत राहू देत." हे चिमा नव्या बाईला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. सांगताना ती हसत नव्हती. तिसऱ्या दिवशी आत्या पडली होती त्या जागेवर मेणाचा नवा हात बसला. त्यावर आणखी एक. मग आणखी. आठ वर्षं.

मित्रांनो, त्या काळोखाचं काय सांगू? वरून सनई वाजायची, मला ती विहिरीच्या तळाशी ऐकल्यासारखी येई. वाटायचं, एकदा कुणी घण घालून फोडावं आणि सुटावं.

शेवटी लोकच कुरकुरले. लादी कळकट दिसते, चपला चिकटतात. दर्शन फोडून टाकायला निघाला होता. आप्पा खाटेवरून म्हणाले, "आधी खरवडून तरी बघा." म्हणून काल साफसफाईचं काम घेणारी एक मुलगी गोल ब्रशचं मशीन घेऊन आली. मदतीला चिमा, गुडघ्यांना फडकी बांधून.

मुलीचं नाव ज्ञानेश्वरी. तिनं मेण सोडवणारं औषध पाण्यात मिसळून पसरलं. "सुकू द्यायचं नाय हां मावशी, सुकलं तर परत चिकटतं." थोड्या वेळानं थर फुगला, ताकासारखा झाला. मशीन फिरलं. मग ती लोखंडी पात्यानं कडा खरवडू लागली आणि चिमा ब्रशनं सांधे. करड्या राड्यातून आठ वर्षांच्या अक्षता वर आल्या.

खरवडता खरवडता मुलगी गुणगुणली.

"लादीबाई लादी, तुझं तोंड मी पुसते..."

माझ्या पाठीतला आवाज आणि वरचा आवाज एक झाले. चिमाचा ब्रश थांबला.

"ही ओवी कुठली गो?"

"माझ्या आयची. इथंच होती ती कामाला. सगुणा. गेल्या पावसात गेली." मुलगी पातं चालवत राहिली. "शेवटी शेवटी मलाच विचारायची, मी खरंच साबण ठेवला होता काय गो? तिला स्वतःलाच कळेना झालं होतं. आणि मी पण एकदा रागानं बोलले तिला, नीट पुसलं असतंस तर ही वेळ आली नसती."

चिमा पुन्हा सांधा घासू लागली. एकच सांधा, कितीतरी वेळ.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. खालची घाण काढल्याशिवाय वर चमक चढवू नका. आणि तुमच्या शाळेची, दवाखान्याची लादी जी पुसते, तिला नावानं हाक मारा. तिच्यावर कुणी बोट दाखवलं आणि खरं तुम्हाला ठाऊक असलं, तर तेव्हाच बोला. नंतर बोललेलं मेलेल्या माणसाला ऐकू जात नाही.

ज्ञानेश्वरी खांबापाशी पोचली. एका खोल थराशी तिचं पातं अडलं. "मावशी, हे बघ. वरचे थर पिवळे, खालचेही पिवळे, हा मधलाच दुधासारखा पांढरा. ओल्यावर मेण पडलं की असं पांढरं होतं. लादी ओली असताना कुणीतरी वर पॉलिश ओतलंय. नुसतं साबणाचं पाणी असतं तर पुसून गेलं असतं, असा पांढरा थर उरला नसता." तिनं खांबाकडे पाहिलं. "त्या बाई याच खांबाशी पडल्या ना?"

तो थर, नि त्याखालचं जुनं मेणही, तिनं हळूच उचललं. वीतभर मी उघडी झाले. कितीतरी वर्षांनी माझ्यात चेहरा उतरला. सगुणाचेच डोळे, सगुणाचीच हनुवटी. मुलगी माझ्यात बघत राहिली.

चिमानं ब्रश खाली ठेवला. ओले हात तिनं पदराला पुसले नाहीत.

"गो बाय, मी भांड्यांकडं नव्हते. डबा मीच आणून दिला होता. दर्शननं ओल्यावर ओतलं, नि तुझी आय थांब, थांब म्हणत होती. मी तिथंच उभी होते. मी सगळं ऐकलं होतं."