लाखेच्या लाल लडी

"लिही, पळसाच्या फुलांचा रंग." आप्पासाहेबांनी कोऱ्या चिठ्ठ्या माझ्यापुढे सरकवल्या.

शहागंजातलं त्यांचं दुकान. पुढ्यात आईने रंगवलेल्या पैठणीच्या रेशमाच्या वीस लडी. चिठ्ठ्या मी लिहिते, कारण माझं अक्षर झकास आहे आणि दहावीत आल्यापासून मी कुणाचं ऐकत नाही.

पळसाच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे बसतात. हा लाल त्यांच्यातूनच निघतो. आठवडाभर आईने लाख कुटली, भिजवली, चिंचेचं पाणी घालून तांब्याच्या पातेल्यात रेशीम शिजवलं. लोखंड लागलं की लाल काळवंडतो. मागच्या वेळी मीच घाईत लोखंडी झारा घातला होता. ती लड आईने विकली नाही. तिचे गोंडे माझ्या वेणीला आहेत.

"पळसाच्या फुलाचा रंग पिवळा येतो, आप्पासाहेब," आई म्हणाली.

"ते तुला म्हाईत. गिऱ्हाइकाला कुठं?" ते हसले. "किडा म्हणलं की बाया हात काढून घेत्यात. देवाम्होरं नेसायचं असतं. आन् किडाबी पळसावरच बसतो की. मग लई खोटं कुठं हाय?"

"लई खोटं नाय, तर खरंच लिहू की."

"मग उचल लडी, सत्यशीला. उद्यापासून येऊ नको. रसायनाचा लाल ढिगानं मिळतो."

अठरा वर्षं आईचं सगळं काम याच दुकानात जात होतं. मला वाटलं, आता मान खाली घालणार.

"तनू, लिही," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात. लाखेच्या किड्याचा रंग."

मी वीस चिठ्ठ्या लिहिल्या. आईने त्या तिथंच, आप्पासाहेबांच्याच दोऱ्याने, एकेक करून बांधल्या. मग लडी उचलून आम्ही उस्मानपुऱ्यापर्यंत चालत आलो. वाटेत मी तिघांच्या भांडणाला पुरेल एवढं बोलले.

घरी आल्यावर तिने सगळ्या लडी दारातल्या दोरीवर टांगल्या. चिठ्ठ्या रस्त्याकडे तोंड करून.

शेजारच्या रूपालीकाकू थबकल्या. एक चिठ्ठी वाचली. "अगं बाई, किड्याचा?"

"व्हय." आईने एक लड उतरवून त्यांच्यापुढे धरली. "हात लावून बघा."

काकूंनी लावला नाही.

आईनेही हात मागे घेतला नाही.