रिन्सेच्या माथी आलेला घाट

वीत्सेचा मुलगा डाउवे, डाउवेचा मुलगा शूर्ड. तिघेही सपाट फ्रीसलंड प्रांतातल्या कालव्यांवरचे तांडेल; तिघांचेही संसार मालवाहू नावांवरच झाले. तिघांचा लौकिकही एकच होता: हा माणूस वाट चुकला, असे त्यांच्याबद्दल कोणी कधी म्हटले नाही. शूर्डची थोरली लेक हिस्के. तिच्या अंगात हा लौकिक रक्तासारखा वाहत होता.

पाण्यावरची माणसे अंतर दोऱ्याने मोजतात. नकाशावर दोरा अंथरायचा, वळणावळणाला बोटाने दाबून धरायचा आणि ताणून पट्टीला लावायचा. दोरा आखूड भरला, की वाट चांगली; पाण्याला ना चढ, ना उतार. ही विद्या हिस्केने बापाच्या मांडीवर बसून घेतली होती. लग्नानंतर दर उन्हाळ्यात गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून परदेशी निघायचे, तेव्हा गाडी नवऱ्याने, रिन्सेने, हाकायची आणि वाट हिस्केने ठरवायची. यावर घरात कधी चर्चा झाली नाही.

यंदा मात्र रिन्सेच्याने गाडी हाकवणार नव्हती. डॉक्टरांनी पानगळीपर्यंतची मुदत सांगितली होती. त्याने एकच मागणे मागितले: दक्षिण फ्रान्समधल्या त्या नदीकाठच्या, कॅराव्हॅन लावायच्या तळावर शेवटचे एकदा जायचे. तीस वर्षांत दोघे तिकडे फिरकले नव्हते. इतक्या दूर कॅराव्हॅन ओढून नेईल असा घरात एकच माणूस होता, हिस्केचा धाकटा भाऊ येल्मर, चाळीस वर्षे ट्रक चालवलेला. आणि येल्मर तीस वर्षांत रिन्सेशी एक अक्षर बोलला नव्हता.

हिस्केने बोलावले म्हणून तो आला आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला. खिडकीसमोर शेजारच्या शेतकऱ्याचे कोठार होते. हिवाळाभर तिथे ठेवलेली कॅराव्हॅन कालच बाहेर काढली होती. रिन्से स्टुलावर बसून तिच्या काचा पुसत होता. एक काच पुसायची आणि दम खायचा.

हिस्केने कॉफी ओतली, एक बिस्किट पुढे केले आणि डब्याचे झाकण लावून टाकले.

"ताई, हात अजून तितकाच सैल आहे गं तुझा!"

"दुसरं दुसऱ्या कपाबरोबर. घरची रीत विसरलास? कोट काढ."

"नाही काढत. नाही म्हणायलाच आलोय. फोनवर सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं नसतंस."

"आताही घेत नाही." तिने नकाशा पसरला. "शुक्रवारी पहाटे निघायचं. शनिवारी सगळं जग रस्त्यावर असतं. पहिला मुक्काम लक्झेंबर्ग."

"आणि बटाट्याचं पोतं?"

"ते तर घेणारच."

"फ्रान्समध्ये बटाटे पिकतच नाहीत वाटतं!"

"पिकतात. शिजले की मेणासारखे लागतात."

येल्मरला हसू फुटले. मग त्याचे बोट नकाशावर सरकत सरकत डोंगरांशी येऊन थांबले, आणि हसू विरले.

"इथून पुढं कसं जायचं?"

"नदीच्या काठाने. घाट टाळून. सत्तर किलोमीटर जास्त पडतील."

"हा रस्ता तेव्हाही होता?"

"होता."

"मग तो माणूस घाटात शिरला कशाला? सत्तर किलोमीटर वाचवायला? मागच्या सीटवर बाबा बसलेले, ब्रेक जळतायत, कॅराव्हॅन मागून ढकलतेय... अशा माणसाला मी फिरवून आणू, ताई? कड्यावर बाबांची बाजू आपटली, त्याला साधं खरचटलंही नाही. मरू दे त्याला इथंच."

हिस्केला अपघाताच्या सकाळची ती न्याहारी आठवली. रिन्से म्हणाला होता, लांबच्या रस्त्याने जाऊ. बाबांनी पाव मोडत हसून सांगितले होते, "पोरीनं दोरा लावलाय ना? मग विषय संपला." तिसऱ्या दिवशी दवाखान्यात बाबा गेले. येल्मर धावत आला आणि ओरडला, "कोणी ठरवला हा रस्ता?" तिने तोंड उघडण्याआधीच रिन्से म्हणाला होता, "मी." नंतर एकांतात तो एवढेच बोलला: "तू शूर्डची लेक. तुला हे पेलायचं नाही. मला पेलेल." तिने ते पेलू दिले. येल्मर आला, की रिन्से मुकाट्याने कोठारात जाई. सासूच्या अंत्यविधीला तो शेवटच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या वाढदिवसाला सांगू, त्याच्या पुढच्याला सांगू, असे म्हणता म्हणता तीस वर्षे सरली.

बाहेर रिन्सेच्या हातून फडके पडले. त्याला वाकवेना. तो नुसता त्याच्याकडे पाहत बसला.

"घाट मी निवडला," हिस्के म्हणाली.

"काय?"

"दोरा मी लावला. हे लांबून जाऊ म्हणत होते. मी म्हटलं, तांडेलाच्या लेकीला वाट शिकवू नका."

"पण दवाखान्यात तो स्वतः म्हणाला..."

"खोटं बोलले. माझ्यासाठी. आणि मी बोलू दिलं."

येल्मरने नकाशावरचे बोट उचलले. मग त्याने विचारले, "आईला ठाऊक होतं?"

"नाही."

"आई मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी प्यायली नाही गं."

"ठाऊक आहे. भरलेला पेला मीच परत आणायचे."

तो उठला. कॉफी तशीच राहिली. "तुझ्याशी काय बोलावं कळत नाही, ताई. कदाचित बोलणारही नाही यापुढे."

"नको बोलूस," ती म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. कापू न देण्यात तिचे सारे बळ गेले.

तिने खिडकी उघडून पाहिले. येल्मर अंगण ओलांडून गेला, रिन्सेसमोर उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"दाजी," तो म्हणाला. तीस वर्षांत ही हाक त्या अंगणात उमटली नव्हती. "शुक्रवारी निघू. गाडी मी हाकतो. तुम्ही पुढं माझ्याशेजारी बसा. मला माफ करा, दाजी."

रिन्सेने त्याच्याकडे पाहिले, मग वळून खिडकीकडे. हिस्केने होकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा चुरगळला, आणि येल्मरने त्याला धरले.

हिस्के खिडकीशी एकटीच उभी राहिली. भाऊ गेला, लौकिक गेला; नवऱ्याचे ऋण मात्र फिटले, तो ते पाहायला हयात असतानाच, आणि पूर्ण.