सुलतानपूरचं पान

पंचफुलाबाईंनी भाकरीचा चतकोर काठावरच्या दगडावर ठेवला आणि मागं वळून न बघताच म्हणाल्या,

"आज पान कापू नको. देठ धरून मुरगाळ. कापलं का सडते."

भार्गवीनं या खेपेला कात्री आणलीच नव्हती. ती त्यांच्या शेजारी बसली. तलावात पांढरी कमळं उघडली होती, पाकळीच्या कडेला गुलाबी रेघ असलेली. मोताळ्याकडच्या या गावात त्यांना कुणी हात लावत नसे. इथं जनावरं पाण्यावर येत नसत, जाळं पडत नसे. बावीस वर्षांपूर्वी पंचफुलाबाईंची मयुरी या तलावात गेली, असं गाव सांगे. काठावर चपला सापडल्या, तीन दिवस गळ टाकले, पण पोरगी वर आली नाही. गाळानं धरून ठेवली म्हणाले. तेव्हापासून आई रोज सकाळी तिला भाकरी आणून ठेवी. दुपारी दगड रिकामा असे. कावळ्यांचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्या खेपेला मांडीभर पाण्यात उतरताना भार्गवीच्याही पायाला कुणीतरी हळूच धरलं होतं. कमळाचे देठ असतात ते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मलकापूरची, वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलगी. तरी त्या दिवशी ती घाईघाईनंच बाहेर आली.

जिल्ह्यातल्या चाळीस पाणवठ्यांवरून तिनं या कमळाची पानं गोळा केली होती. प्रत्येक पानातली जनुकांची सगळी लिपी, कोट्यवधी अक्षरं, यंत्राकडून वाचून घ्यायची आणि एकमेकांशी ताडून बघायची, हे तिचं दोन वर्षांचं काम. त्यात या तलावाचं पान आणि सुलतानपुरातल्या एका घरामागच्या टाकीतलं पान अक्षरन् अक्षर सारखं निघालं. बहिणी-बहिणी असाव्यात तसं नव्हे, एकच झाड. "पाकिटं बदललीत तुम्ही," तिचे मार्गदर्शक नीळकंठ सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते तिला फार लागलं. ती दोन्हीकडे पुन्हा गेली, पुन्हा पानं आणली, पाकिटांवर नावं स्वतःच्या हातानं घातली. आज सकाळी निकाल आला. पुन्हा तेच. सरांना दाखवायच्या आधी तिनं मोताळ्याची बस धरली.

"आजी, या कमळाला बी धरत नाही," ती म्हणाली. "बी असतं तर पाखरांनी नेलं म्हटलं असतं. कुणी गड्डा उपटून हातानं नेल्याशिवाय हे दुसरीकडे जाऊच शकत नाही. आणि ते सुलतानपुरात आहे. एका बाईच्या टाकीत."

पंचफुलाबाई पाण्याकडे बघत राहिल्या.

"मी कात्री काढली तर ती बाईही म्हणाली, मुरगाळ, कापलं का सडते. माहेरचं कमळ आहे म्हणाली. माहेर कुठलं विचारलं, तर आत निघून गेली."

बसमध्ये भार्गवीनं या क्षणाची कितीतरी उजळणी केली होती. आजी रडतील, आपले हात धरतील. तिचेच डोळे भरून आले होते.

"हळू बोल," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि वर रस्त्याकडे लागले होते. तिथं चहाच्या टपरीवर त्यांचे दीर, उकंडराव, बसले होते. "अजून कोनाले मालूम हाये?"

"कुणालाच नाही."

"कागदावर छापून येईन का? गावाचं नाव?"

"नकाशासकट येईल, आजी. तेच तर माझं काम."

पंचफुलाबाईंनी भाकरीवरची मुंगी बोटानं झटकली.

"चपला म्याच ठेवल्या होत्या काठावर. गड्डा तिच्या पदरात म्याच बांधला. ज्याच्यासंग गेली त्याची जात भाऊजीले चालत नव्हती. दोघायले जित्तं सोडलं नसतं त्यानं. अजूनबी सोडनार नाही. तिले मेलेली ठेवाले बावीस वर्सं भाकर आणून राह्यली मी. एक दिवस खाडा नाही."

भार्गवीनं वर टपरीकडे पाहिलं. येताना उकंडरावांनी विचारलं होतं, काय निघालं मॅडम आमच्या कमळात? आणि हिनं उचलली जीभ लावली टाळ्याला: तुमचंच कमळ दुसऱ्या एका गावात सापडलं, काका. ते नुसते हसले होते. गावाचं नाव विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं, पण ते केवळ विचारलं नाही म्हणून.

ती उठली, तशी पंचफुलाबाईंनी तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"फुलं किती हायेत तिच्याकडं?"

"सात होती."

"सात." त्यांनी ओढणीचं टोक सोडलं. "दारात बारक्या चपला दिसल्या का?"

"दिसल्या. एक जोड."

तेव्हा मात्र त्यांनी पदर तोंडावर घेतला. भार्गवी चढ चढून वर आली.

उकंडराव उभेच होते. बाकावरच्या त्यांच्या चहावर साय धरली होती.

"कोन्या गावात म्हनलं मॅडम ते कमळ?"

"कोणत्याच नाही, काका. पाकिटं माझ्याकडून बदलली होती. तुमच्याच तलावाचं पान दोनदा तपासलं गेलं."

"शिकल्यासवरल्या मानसाचं असं होते?"

"होतं."

ते खाली तलावाकडे बघत राहिले.

"मंग आमची पोरगी तळ्यातच हाय."

"हो," भार्गवी म्हणाली.

बसमध्ये बसल्यावर तिनं सरांना फोन लावला.

"सर, पहिल्या खेपेला पाकिटं माझ्याकडूनच बदलली होती."

"मी त्याच दिवशी म्हटलं होतं. आणि दुसऱ्या खेपेचं काय?"

"सुलतानपूरचं पान सडलं, सर. ते गाव यादीतून काढते."

"सडलं? असं कसं सडलं?"

खिडकीतून तलाव दिसत होता. पंचफुलाबाई चतकोराचे बारीक तुकडे करून एकेक पाण्यात सोडत होत्या.

"मी कापलं होतं," ती म्हणाली. "कापलं की सडतं, सर."