दारात अडून बसलेला ट्रॅक्टर

मी एक जुना, रंग उडालेला लाल ट्रॅक्टर आहे आणि मित्रांनो, माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती लपवून नुसता मोठेपणा सांगत बसलो, तर ती तुमची फसवणूक होईल.

एकोणीसशे एकसष्ट साली मी कारखान्यातून निघालो आणि वेल्सच्या डोंगरात, प्रोबर्ट कुटुंबाच्या शेतावर आलो. त्या घरातला इद्वाल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. माझ्यावर बसायची त्याला कोण घाई! पण त्याच्या वडिलांनी पुढची कित्येक वर्षं त्याला माझ्या सीटवर फक्त गवत कापण्यापुरतं बसू दिलं. चेकबुक आणि ट्रॅक्टर, दोन्ही बापाच्या ताब्यात. आमच्याकडे रीतच तशी आहे. बाप जिवंत असेपर्यंत पन्नाशीचा मुलगाही 'पोरगा'च असतो.

कामात मात्र मी कधी कुचराई केली नाही. गुडघाभर बर्फातून मेंढ्यांना चारा पोचवला, चिखलात रुतलेली पाद्रीबाबांची मोटार दोनदा ओढून काढली, गावच्या जत्रेत गळ्यात पहिल्या नंबराची फीत मिरवली. पुढे बंद केबिनचा, गरम हवेचा नवा ट्रॅक्टर आला आणि माझी रवानगी गोठ्याशेजारी झाली. कोंबड्या माझ्या सीटवर खुशाल अंडी घालू लागल्या. वाईट वाटायचं. पण रविवारी प्रार्थना आटोपली की इद्वाल यायचा, कोंबड्यांना हुसकून लावायचा आणि तासभर माझे नटबोल्ट चाचपत बसायचा. आठवडाभर मी त्या तासाची वाट पाहायचो.

आता चुकीकडे येतो. इद्वालची एकुलती मुलगी लोवरी. पहाटे मेंढ्यांची बाळंतपणं करणारी तीच आणि बाजारात भाव करणारीही तीच. तरी जमीन सगळी बापाच्याच नावावर. शेवटी दोन हजार सोळाच्या वसंतात तिने बापाला कसंबसं राजी केलं आणि वकीलबाईंची वेळ घेतली. हयातीतच शेत मुलीच्या नावावर करून द्यायचं, एवढं साधं काम.

त्या सकाळी इद्वाल ठेवणीतला सूट घालून बाहेर आला. मी नेमका गोठ्याशेजारच्या मोटारीच्या शेडच्या दारात उभा होतो. मला बाजूला करायला त्याने चावी फिरवली. मित्रांनो, डिझेलच्या नळीत थोडा कचरा होता, हे खरं आहे. पण याहून जास्त कचरा असतानाही मी कितीतरी वेळा सुरू झालो होतो. त्या दिवशी मात्र मला वाटलं, शेत मुलीचं झालं की मला कशाला कोण ठेवील? मी खोकलो आणि बंद पडलो.

लोवरी म्हणाली, नव्या ट्रॅक्टरने याला ओढून काढू. इद्वालने ऐकलं नाही. ट्रॅक्टर म्हातारा झालाय, त्याला असले गचके सोसायचे नाहीत म्हणाला, कोट काढला आणि बाह्या सरसावून माझ्याखाली शिरला. मनातून त्यालाही सुटल्यासारखंच वाटलं होतं. वेळ टळली आणि पुन्हा कुणी घेतली नाही. लोवरीने विषय काढला की तो म्हणायचा, "आधी ट्रॅक्टरचं बघू."

आठ वर्षं तो माझं बघत राहिला. आणि मी खुशाल बघू दिलं.

मग सरकारने जाहीर केलं, की ठरावीक किमतीच्या वरच्या शेतीवरही आता वारसांना कर भरावा लागेल. हयातीत शेत देऊन टाकून देणारा पुढे सात वर्षं जगला, तरच तो कर टळणार. गावोगावचे ट्रॅक्टर रस्त्यावर उतरले. ब्याऐंशी वर्षांच्या इद्वालने मलाही सुरू करून बाहेर काढलं. पुढे फळी बांधली, 'पिकवणाऱ्याला पिळू नका'. शहरात दुतर्फा लोक होते. कुणी टाळ्या वाजवल्या, बेकरीवाल्याने गरम पाव वाटले. एका थांब्यावर इस्पितळाच्या गणवेशातली एक बाई बसची वाट पाहत उभी होती. आमच्यामुळे तिची बस अडली होती.

ती शांतपणे इद्वालला म्हणाली, "माझ्या आईचं घर तिच्याच आजारपणात विकावं लागलं, आजोबा. तेव्हा कुणी ट्रॅक्टर आणला नाही."

बाजूने चालणारी लोवरी म्हणाली, "खरं आहे तुमचं, ताई. आणि आमच्याकडे वेळ होता, तो आम्हीच घालवला."

त्या दिवशी मला माझा आवाजही नकोसा झाला.

पुढच्याच आठवड्यात इद्वालने सही केली. आता सात वर्षं मोजायची. म्हणजे एकोणनव्वद. लोवरी त्याला शिडीवर चढू देत नाही, ढुशा मारणाऱ्या मेंढ्याजवळ फिरकू देत नाही, गोळ्या घेतल्या का ते दोनदा विचारते. ती आधीही विचारायची. पण आता प्रत्येक विचारण्याला एक खोट चिकटली आहे आणि ती चिकटवणारा मी आहे.

काल थंडी मी म्हणत होती. इद्वाल नुसत्या स्वेटरवर माझ्याजवळ येऊन बसला. लोवरी त्याचा जाड कोट घेऊन धावत आली. त्याने हात पुढे केला नाही.

"खरं सांग, पोरी. हा कोट माझ्यासाठी आणलास, की त्या करासाठी?"

लोवरीने कोट माझ्या बॉनेटवर ठेवला. "दोन्हींसाठी, बाबा. मला ते वेगळं करता येत नाही. तुम्हाला येत असेल तर करून दाखवा."

इद्वालने कोट घातला. बोटं थंडीने आखडली होती, म्हणून बटणं तिनेच लावली, वरपासून खालपर्यंत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी म्हातारं असेल आणि त्यांच्या हातचं एखादं काम टळत असेल. माझ्यासारखं त्यांच्या दारात अडून बसू नका. कोट हा नुसता कोट आहे तोवरच तो त्यांच्या अंगावर घाला.