दाखवायचं घर

आबांनी खिशातून टेप काढली, तिचं एक टोक पलंगाच्या उशाशी धरायला बहिणीला सांगितलं आणि दुसरं टोक पायथ्याकडे नेऊन ते वाकले.

"साडेपाच फूट," ते म्हणाले. "तेही जेमतेम."

"म्हणजे?" टेप धरून उभ्या असलेल्या आत्यांनी विचारलं.

"म्हणजे माणूस कर्तृत्वानं मोठा. उंचीनं आपला बेताचाच."

आत्यांनी पलंगाकडे आदरानं पाहिलं. एवढ्याशा माणसानं केवढं नाव काढलं, असं त्यांच्या मनात आलं. ते नाव कोणतं, हे मात्र अजून कुणी सांगितलं नव्हतं.

पलंग कुणाही थोर माणसाचा नव्हता. त्यावर आजवर कुणी पाठसुद्धा टेकली नव्हती. नव्यानं बांधलेल्या इमारतीतला, गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी सजवून ठेवलेला तो फ्लॅट होता, आणि खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून त्यातलं सगळं सामान मुद्दाम जरा लहान करून घेतलेलं होतं. फ्लॅटची माहिती सांगण्यासाठी एक मुलगी तिथे नेमलेली होती. पण ती नोकरीला नवी होती. गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी त्याचं म्हणणं खोडायचं नाही, एवढंच तिला पक्कं शिकवलं होतं. ती हातात हात गुंतवून दाराशी उभी होती आणि हसत होती.

आबांचा जन्म वजनमापं तपासण्यात गेला होता. दुकानदाराच्या काट्याखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसं त्यांना लांबून दिसायचं. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. डोळ्यांना जे दिसेल ते मोजायचं आणि मोजलं की आपल्याला समजलं असं मानायचं. मुलानं आबा, त्यांची बायको म्हणजे आई आणि आत्या अशा तिघांना शहर बघायला पाठवलं होतं. बसची तिकिटं काढून दिली होती, स्वतः ऑफिसला गेला होता. सकाळी त्यांनी घड्याळाचा मनोरा पाहिला. आबांनी स्वतःच्या घड्याळाशी ताडून तो मागे असल्याचं जाहीर केलं. मोठा पूल पाहिला. तिथे आत्यांनी भरपूर फोटो काढले, त्यांतल्या निम्म्यांत पूल होता आणि बाकीच्यांत आत्यांचा अंगठा. मग वस्तुसंग्रहालय. तिथल्या जुन्या तराजूंपुढे आबा जे उभे राहिले ते हलेचनात. शेवटी पहारेकऱ्यानं हात जोडले तेव्हा ते बाहेर आले.

बाहेर दोन बस उभ्या होत्या. एकीच्या दारात एक माणूस चढणाऱ्या प्रत्येकाला पाण्याची बाटली देत होता. आबांनी एक बाटली घेऊन डोळ्यांसमोर धरली. पाणी पार गळ्यापर्यंत होतं.

"माप चोख आहे," ते म्हणाले. "हीच आपली बस."

सकाळच्या बसमध्ये पाणी दिलं नव्हतं. दुपारून व्यवस्था सुधारली, असं त्यांनी धरून चाललं. सकाळचे शेजारी दिसेनात, तर ते दमून घरी गेले असणार. तिकीट कुणी मागितलं नाही, तर ते सकाळीच फाडलेलं होतं. बस एका घरापाशी थांबली, तर ते कुणा थोर माणसाचं जपून ठेवलेलं घर असणार. आपण चुकलो, एवढी एकच शक्यता त्यांच्या डोक्यात शिरली नाही. ती सहसा शिरत नसे.

आता ते पलंगावरून कपाटाकडे वळले आणि मुलीला म्हणाले, "वारले कधी?"

"कोण?"

"मालक."

मुलगी गोंधळली. "मालक? मालक ऑफिसात असतात ना. आज सकाळीच बोलणं झालं माझं."

आबा टेप गुंडाळता गुंडाळता थांबले. "जिवंत आहेत?"

"हो! म्हणजे... मधुमेह आहे थोडा."

आबांनी आत्यांकडे पाहिलं, आत्यांनी आबांकडे. माणूस जिवंत असताना त्याच्या झोपायच्या खोलीत बसच्या बस भरून लोक आणायचे, हा प्रकार दोघांनाही चमत्कारिक वाटला. पण मोठ्या शहराचं सगळंच निराळं, अशी समजूत घालून ते स्वयंपाकघर बघायला गेले. तिथे आत्यांनी टोपलीतलं सफरचंद दाबून पाहिलं, ते प्लॅस्टिकचं निघालं. नळ फिरवला, त्याला पाणी नव्हतं. आत्या आयुष्यभर इस्पितळात नर्स होत्या. कोरडा नळ त्यांना सहन होत नसे.

"मधुमेहाच्या माणसाच्या घरात पाणी नाही!" त्या कळवळून म्हणाल्या.

या सगळ्या वेळात आई काहीच बोलल्या नव्हत्या. पण त्या तशाही कमीच बोलायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी केली. याची तार त्याला जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. घरी आल्यावरही तेच. आबांचा निरोप मुलाला, मुलाची तक्रार आबांना, वन्संचं दुखणं डॉक्टरला. स्वतःचं म्हणून सांगायचं असलं की सुरुवात कुठून करायची, हेच त्यांना सुधरत नसे.

आणि सांगायचं तर होतं. आज संध्याकाळी मुलाला उत्तर द्यायचं होतं. गावाकडचं घर विकून तिघांनी इकडे यायचं, मुलाच्या मागच्या खोलीत तीन खाटा टाकायच्या, वन्संच्या खाटेपुढे पडदा लावायचा, असा मुलाचा बेत होता. मुलगा मनापासून बोलावत होता, सून तर पडद्याचं कापडसुद्धा बघून आली होती. आबा खूश होते. "अगं, तिघं मजेत राहू," ते काल म्हणाले. आई "बघू" म्हणाल्या आणि आबांनी तो होकार धरला.

आईंना ते नको होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या ज्या खोलीत झोपत होत्या तिच्यातून स्वयंपाकघराची वाट होती. सासरे पहाटे पाणी प्यायला तिथूनच जात, दीर रात्री उशिरा जेवायला तिथूनच, वन्सं रात्रपाळीहून तिथूनच येत. दाराला कडी नव्हती. घरातल्या घरात कड्या कशाला, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. सासरे गेले, दीर वेगळे झाले, कडी काही आली नाही. कपडे बदलायचे तर पाठ दाराला लावून, रडायचं तर भांडी घासताना. आता उरलेलं आयुष्य पडद्याच्या अलीकडे काढायचं, हे डोळ्यांपुढे आलं की त्यांचा जीव गुदमरायचा.

आबा स्वयंपाकघरात डबे उघडून आत काही आहे का ते बघत होते, तेवढ्यात मागे दार लागल्याचा आवाज झाला. पाठोपाठ कडी.

सगळे बाहेर आले. झोपायच्या खोलीचं दार आतून बंद होतं.

"अगं," आबांनी दार वाजवलं. "आत काय करतेस?"

"काही नाही," आतून आवाज आला.

"मग उघड की."

"बसलेय जरा."

आबा दारापासून मागे सरकले. आईंना बरं वाटत नसेल, असं आधी त्यांना वाटलं. मग वाटलं, दार अडकलं असेल. पण "बसलेय जरा" याचा अर्थ काय लावायचा, ते त्यांना कळेना. त्यांच्या बायकोनं बंद केलेल्या दाराबाहेर ते आजवर कधी उभेच राहिले नव्हते.

"वहिनी," आत्या दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाल्या, "चक्कर येतेय का? डोकं खाली घालून बसा. घाम आलाय?"

"नाही हो वन्सं. छान वाटतंय."

आत्यांचा धंदाच आजाऱ्यांचा. छान वाटणाऱ्या माणसाला काय सांगावं ते त्यांना पटकन आठवेना.

"लोकांच्या पलंगावर बसू नये असं!" आबा आता चिडले. "काय म्हणतील ते? जिवंत आहेत ते गृहस्थ!" मग मुलीकडे वळून जरा नरमाईनं म्हणाले, "माफ करा हं. साहेबांना यातलं काही कळवू नका."

मुलीचा चेहरा रडवेला झाला. शिकवलेलं सगळं संपलं होतं. "काका," ती म्हणाली, "कुणाचाच नाहीये तो पलंग. बसू द्या त्यांना. हा दाखवायचा फ्लॅट आहे. विकायला असतात ना, तसे. बस त्यासाठीच आणतो आम्ही. तुम्हाला आवडला तर तुम्ही घ्यायचा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चित्राकडे, मग टेबलावरच्या टीव्हीकडे. त्यांनी टीव्हीला टिचकी मारली. पुठ्ठ्याचा होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मभर दुसऱ्यांची खोटी मापं पकडणारा माणूस भर दुपारी खोट्या घरात उभा होता आणि पाण्याच्या बाटलीवर विश्वास ठेवून आला होता.

"चूक झाली," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून इतका क्वचित निघायचा की आत्या चमकल्या. "आम्ही शहर बघायला निघालो होतो. चुकून चढलो. अगं ए, ऐकलंस का? चल लवकर. चुकीच्या जागी आलोय आपण."

मग पलंग करकरला, सावकाश पावलं दारापर्यंत आली आणि कडी निघाली. आई बाहेर आल्या. केस नीट होते, चेहरा धुतल्यासारखा शांत होता. चादरीवर एका माणसाच्या बसण्याची खूण पडली होती.

"मी चुकून नाही आले," त्या म्हणाल्या. "बसवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. घरं बघायला चला म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"बघायची होती."

आई मुलीकडे वळल्या.

"याच्याहून लहान असतं का हो? एकच खोली असली तरी चालेल. पेन्शन आहे माझं."

"असतात की!" मुलीला पहिल्यांदाच ओळखीचा प्रश्न आला होता. "मागच्या इमारतीत आहेत. किती जणांसाठी हवंय?"

"एका."

आबा हसले. ही थट्टा असणार, अशी त्यांची खात्री होती. थट्टेला साथ मिळावी म्हणून त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

आत्या हसत नव्हत्या. त्या उघड्या दारातून आत बघत होत्या. गावाकडे वहिनींच्या खोलीतून आपणही ये-जा करत होतो, दार न वाजवता, रात्रपाळीहून येताना, चपला वाजवत. हे त्यांना आज कळलं की आधीपासून माहीत होतं, ते त्यांनाच सांगता आलं नसतं. आणि त्यांची स्वतःची खाट? जन्मभर ती कपाटाच्या आडोशाला होती. आता पडद्याच्या आडोशाला जाणार होती.

"दोन दाखव," त्या मुलीला म्हणाल्या. "शेजारी शेजारी."

"वन्सं!" आई म्हणाल्या.

"काय वन्सं? मलाही आहे पेन्शन. भिंत असली मधे की बरं. दार वाजवून येईन मी."

आईंनी आत्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींचे हात धरल्याचं आबांना आठवत नव्हतं. काहीतरी बोलायला हवं, हे त्यांना समजत होतं. संध्याकाळी मुलाला काय सांगायचं, हे विचारायला हवं होतं. की आधी दुसरंच काही विचारायला हवं होतं?

"आणि काका," मुलीनं उत्साहानं विचारलं, "तुम्हाला?"

दोघी थांबल्या. दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरोखरच उत्तर ऐकायचं असल्यासारखं. आबा बाहेरच्या दाराच्या चौकटीत उभे होते. मग आपल्यामुळे दोघींची वाट अडलीय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते बाजूला झाले.