उरलेले भाग

माझ्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि ज्या मालिकेवर त्याचा जीव जडला ती पाहताना बाकीच्या जगाने खुशाल डोळे मिटून घेतले होते, हा आमच्या घरातला जुना विनोद. मूळ मालिका होती 'नक्षत्रयात्री'. ती तुफान चालली. या ग्रहावरून त्या ग्रहावर जायचं, लढायचं, जिंकायचं आणि पुढे निघायचं, असा सगळा धडाका. तिच्या एका भागात यानाचं इंधन संपतं आणि ते एका उजाड खडकावरच्या तळावर उतरतं. तिथली एकटी राखणदार बाई लोकांना एवढी भावली, की वाहिनीने फक्त तिच्यावर वेगळी मालिका काढली, 'मुक्काम'.

लोक लढाईची वाट बघत बसले आणि ती बाई टाक्यांच्या झडपा तपासत राहिली. कधी खिडकीशी उभं राहून काळोखाकडे बघायची, कधी स्वतःशीच दोन शब्द बोलायची. वर्तमानपत्रांनी टर उडवली, मूळ मालिकेचे चाहते तर चवताळलेच, आणि सहा भागांत वाहिनीने गाशा गुंडाळला. सहाव्या भागाच्या शेवटी एक यान तळावर उतरू लागतं, त्यात कोण आहे हे कळायच्या आत पडदा काळा होतो, आणि तो कायमचाच.

या गोष्टीला वर्षं लोटली तरी माझ्या नवऱ्याच्या मनातून ती जाईना. त्याच्यासारखेच हिरमुसलेले आणखी काही जण त्याला कुठून कुठून भेटले आणि रविवारी दुपारी आमच्या बैठकीत जमू लागले. त्यात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या आणि इमारतींचे नकाशे काढणारा एक उंचच उंच गृहस्थ होता. त्याला सगळे लांबुडका म्हणत, आणि तोही स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा. मी फिजिओथेरपिस्ट. आठवडाभर लोकांचे गुडघे वाकवून दमलेली असायचे, त्यामुळे चहा दिला की मी आतल्या खोलीत आडवी व्हायचे. त्यांचे वाद दारातून कानावर पडत, आणि रेडिओ चालू ठेवून झोप लागावी तशी मला त्या आवाजात झोप लागायची.

मग एकदा माझीच पाठ धरली. दुसऱ्यांच्या पाठी सरळ करणारी मीच पलंगाला खिळले, म्हणून घरात सगळ्यांनी यथेच्छ हसून घेतलं. वेळ जाईना, तेव्हा मी नवऱ्याकडून 'मुक्काम'चे सहाही भाग मागून घेतले आणि पाहिले. मला ते आवडले. नटी साधी होती, अभिनय करते आहे असं वाटूच द्यायची नाही. पण सहावा भाग संपल्यावर मनाला काहीतरी खटकलं. काय ते कळायला संध्याकाळ झाली. त्यात काचघर नव्हतं.

काचघराबद्दल मी कित्येक रविवार ऐकत आले होते. राखणदार बाई बहिणीबरोबर काचघर उभारते, त्यात रोपं लावते, दिवा घेऊन रोपांमधून फिरते. दिवा तिच्या डाव्या हातात होता की उजव्या, यावरून माझा नवरा आणि भूगोलाच्या बाई एकदा हातघाईवर आले होते. त्या सहा भागांत तर तिला बहीणही नव्हती.

मी नवऱ्याला विचारलं.

"ते नंतरच्या भागांत आहे," तो म्हणाला.

"नंतरचे भाग झालेच कुठे?"

"झाले नाहीत, हे काय मला माहीत नाही?" तो रागावला नव्हता, थकल्यासारखा दिसत होता. "पण आम्हाला आठवतात."

मी समजूत करून घेतली, की इतकी वर्षं एकत्र बसून यांनीच ती गोष्ट पुढे रचली असेल, आणि रचलेलं कुठलं नि पाहिलेलं कुठलं, यातली सीमारेषा आता पुसट झाली असेल. माणसाचं मन असं करतं. पेशंटसुद्धा मला कधीच न झालेल्या पडण्याची तपशीलवार हकीकत सांगतात. पण पुढच्याच महिन्यात दूरच्या गावाहून एक औषधविक्रेते आले. यांच्यापैकी कुणालाही ते पूर्वी भेटले नव्हते. पहिला चहा व्हायच्या आत ते आपण होऊन काचघराबद्दल बोलू लागले. आलेल्या यानातून धाकटी बहीण उतरते, दोघी रोपं लावतात, मग काचघर मोडायचं की ठेवायचं यावरून त्यांचं भांडण होतं आणि बहीण निघून जाते. सगळे शांतपणे माना डोलावत होते. आश्चर्य वाटत होतं ते फक्त मला, आणि घरात मीच परकी असल्यासारखी मी ट्रे घेऊन उभी होते.

त्या नटीचा पत्ता शोधून काढला लांबुडक्याने. 'मुक्काम' बंद पडल्यावर तिला कुणी काम दिलं नव्हतं. मूळ मालिकेच्या चाहत्यांनी सगळं खापर तिच्यावरच फोडलं होतं. फोनवर ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, नाहीतरी रविवारी मी मोकळीच असते, थोडा वेळ बसून जाईन.

ती आली तेव्हा सगळे शाळकरी मुलांसारखे उठून उभे राहिले. पिकलेल्या केसांची, जिना चढून धाप लागलेली साधी बाई होती ती. गुडघे दुखतात का, असं मी विचारलं तेव्हा तिला बरं वाटलंसं दिसलं. बिस्किटं खात तिने चित्रीकरणाच्या गमती सांगितल्या. खडक थर्माकोलचे होते आणि जोरात शिंक आली की हलायचे. आपली मालिका कुणाला तरी आवडली होती, हे तिला खरंच वाटत नव्हतं. सांगताना तिचे डोळे भरून आले, आणि मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला.

मग भूगोलाच्या बाईंनी काचघराचं विचारलं. दिवा कोणत्या हातात होता ते एकदाचं सांगून टाका, म्हणाल्या.

तिने कप खाली ठेवला.

"डाव्या. उजवा भाजला होता." मग तिने विचारलं, "पण तुम्हाला कुणी सांगितलं? काचघर मालिकेत नव्हतं. ते माझ्या घरामागे आहे. धाकटी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा आम्ही दोघींनी बांधलं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो घाबरलेला नव्हता. डोळे तपासताना पेशंटचा नंबर एकदम वाढलेला दिसला की त्याचा चेहरा होतो, तसा झाला होता.

तिने हळूहळू एकेक गोष्ट विचारली आणि त्यांनी सांगितली. भांडणाचं सांगितलं. बहिणीने जाताना रोपांवर चादर टाकली ते सांगितलं. चादरीचा रंगही सांगितला. ती ऐकत होती आणि अधूनमधून मान हलवत होती, आणि मला नवल वाटलं ते याचं, की तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटल्याचा भाव होता. इतकी वर्षं मला वाटायचं की माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही, ती म्हणाली.

"आणि पुढे? ती परत येते?"

"ती तुम्हालाच बोलावून घेते," लांबुडका खाली बघत म्हणाला.

"सकाळीच तिचा फोन आला. इथून मी तिच्याकडेच निघालेय." ती पहिल्यांदा मोकळं हसली. "म्हणजे समेट होतो तर. शेवट पाहिलाय तुम्ही?"

भूगोलाच्या बाई आपल्या बांगडीकडे पाहत राहिल्या. औषधविक्रेत्यांनी रिकामा कप तोंडाला लावला.

"नाही," माझा नवरा म्हणाला. "तिथंच बंद पडली."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तो खोटं बोलतो तेव्हा मला कळतं. तिलाही कळलं की नाही, सांगता येत नाही. तिने सगळ्यांचे आभार मानले, पर्स उचलली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की गुडघे दाखवायला मी नक्की येईन. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. तिला सांगावं, की आज जाऊ नका, उद्या जा, परवा जा, बहीण कुठे पळून जात नाही. शब्द अगदी जिभेवर होते. चप्पल घालून ती उंबऱ्याबाहेर गेली आणि मागे वळली.

"दार ओढून घ्या हं, वारा आत येतोय," ती म्हणाली, आणि माझ्या लक्षात आलं की ते वाक्य तिच्याबरोबर माझेही ओठ म्हणत होते.

ती जिना उतरू लागली. कठड्याला धरून, आधी दुखरा पाय, मग दुसरा. मी तिला हाक मारू शकले असते. बैठकीतल्या कुणीही मारली असती तरी तिला ऐकू गेली असती. पण त्या शेवटच्या भागात तिला कुणीच हाक मारत नाही.