अमेरिकेतले सर

"तुमचा आठवीचा वर्ग मुका आहे," असं तपासणीला आलेले साहेब सगळ्या शिक्षकांदेखत बोलले आणि कानिफनाथ सरांना आठवडाभर जेवण गेलं नाही. म्हणजे जेवले, पण चवीनं नाही. सोळा वर्षं विज्ञान शिकवून ही शोभा! पोरं मुकी थोडीच होती? मधल्या सुट्टीत पत्रे उडतील असा गलका करायची. सरांपुढे तेवढी दातखीळ बसायची. साहेब दिवाळीनंतर पुन्हा येणार होते. तोवर वर्ग बोलला नाही, तर सोनईच्या बाजारापर्यंत सरांची अब्रू जाणार होती.

नव्याण्णव साल होतं. नगरला सावेडीत इंटरनेटचं नवं दुकान निघालं होतं. मेहुण्यानं, नितीननं, सरांना तिथं नेऊन एक अमेरिकेतली सोय दाखवली. मुलांनी प्रश्न पाठवायचे, शास्त्रज्ञ उत्तर देणार, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर सरांना स्वर्ग दोन बोटं उरला.

वर्गात एक डबा ठेवला आणि चिठ्ठ्या टाकायला सांगितलं. तीन दिवसांत डबा भरला. भाकरी फुगते कशानं? उसाचं बूड गोड आणि शेंडा पाणचट, असं का? सरांनी डिक्शनरी घेऊन भाषांतर केलं, शनिवारी एसटीनं नगर गाठलं आणि सगळं पाठवून दिलं. दोन शनिवार गेले. अमेरिकेतून एकच ओळ आली, प्रश्न मिळाले, आभार. इकडे पोरं माना उंचावून बसलेली. तिसऱ्या शनिवारी सरांनी दुकानात बसून, एका बोटानं, इंग्रजीत स्वतःच उत्तरं टाइप केली. खाली नाव घातलं, डॉक्टर रॉबर्ट. सोमवारी ते छापलेले कागद वर्गात मराठी करून वाचले.

आणि काय सांगावं, हा रॉबर्ट भलताच गोड निघाला. प्रत्येक प्रश्नाला आधी शाब्बास म्हणायचा. आरती नावाच्या पोरीनं चिठ्ठी टाकली, कात टाकताना सापाला दुखतं का? सरांना कुठं ठाऊक होतं? वर्गात त्यांनी तिला पुस्तकात बघ म्हणून खाली बसवलं असतं. पण रॉबर्टला कसली लाज? त्याला थोडंच या गावात तोंड दाखवायचं होतं! सरांनी टाइप केलं, मला माहीत नाही, तुला काय वाटतं? त्या सोमवारी घंटा झाली तरी पोरं साप सोडीनात.

साहेब आले. खोटं उघडं पडेल या भीतीनं सरांनी रॉबर्टचे कागद दबकत पुढे केले. साहेबांनी कागद चाळले, खूश झाले आणि आरतीला उभं केलं. एवढे प्रश्न पडतात, तर समोर सर आहेत, त्यांना का विचारत नाहीस?

आरती जमिनीकडे बघत म्हणाली, "सर म्हनतात, एवढं पन येत न्हाई व्हय? अमेरिकेतल्या सरांना सोताला बी कधी कधी येत न्हाई. मंग त्यांचं भ्याव वाटत न्हाई."

सरांना रॉबर्टचा असा राग आला, की समोर असता तर गचांडीच धरली असती. सोळा वर्षांत त्यांच्याबद्दल असं एक पोर बोललं नव्हतं. मग ध्यानात आलं, गचांडी आपलीच धरावी लागेल. अरे गाढवा, तुला येत होतं की असं बोलता! खरं सांगावं तर नोकरीवर गदा, न सांगावं तर सगळं नाव त्या परक्याचं. सरांनी लाजेनं चूर होऊन कागद तेवढे गोळा केले. जाताना साहेब म्हणाले, त्या रॉबर्टकडून जरा शिका. मुलांनाही बजावून गेले, सरांना विचारत जा.

दुसऱ्या दिवशी आरतीनं भीत भीत हात वर केला. माशीला झोप येते का?

पुस्तकात बघ, हे सरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही. तुला काय वाटतं?"

वर्ग दचकला. आरतीचा चेहरा मात्र खुलला.

"साहेब म्हनले तसं लगेच शिकलात की सर तुमी," ती कौतुकानं म्हणाली.